बाटल्यांतली माती पोर्टफोलिओत मांडू का? आणि एकच डिंक, तरी एक रंग भेगाळतो, दुसरा हाताला लागतो, असं का?

कागदी_पिशवी:

नमस्कार. मी चित्रकलेच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रश्न दोन आहेत, एक रंग बनवण्याचा आणि एक दिवसभराच्या वेळेचा. माझ्या डोक्यात ते एकमेकांत गुंतलेत, म्हणून एकत्रच विचारते. थोडं लांबेल.

मी माती गोळा करते. रस्त्यासाठी टेकडी कापलेली असली किंवा कुठे पाया खणलेला असला, की माझे पाय तिथे थांबतात. कापलेल्या कडेवर थर उघडे पडलेले असतात. वर काळपट, मग तपकिरी, मध्येच एखादा पिवळा नाहीतर विटकरी पट्टा, आणि तळाला मुरूम. त्यातली मूठभर माती कागदी पिशवीत भरते आणि पिशवीवर पेन्सिलीने जागा आणि तारीख लिहिते. (पेनाची शाई ओलसर मातीने पसरते. पेन्सिल राहते.)

घरी ती वाळवायची, ढेकळं फोडायची, भरपूर पाण्यात कालवायची. जाड रेती लगेच तळाशी जाते. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून तसंच ठेवायचं. सकाळी वर नितळ पाणी आणि खाली लोण्यासारखा गाळ. तो वाळला की खलात घोटून वस्त्रगाळ करते आणि बाटलीत भरते. खिडकीतल्या फळीवर आता बाटल्याच बाटल्या आहेत. आईला वाटायचं मी कुंड्यांची तयारी करतेय. आता तीच प्रवासातून येताना माझ्यासाठी पुड्या बांधून आणते.

पिवळी माती मिळाली की मी ती पत्र्याच्या झाकणात पसरून तापवते, आणि हे मला कितीही वेळा बघायला आवडतं. आधी कडा करड्या-तपकिरी होतात, मग लाल रंग कडेकडून मध्यापर्यंत सरकत येतो. गरम असताना रंग इतका गडद दिसतो की जांभळा म्हणावा, आणि निवता निवता विटकरीवर येतो. वर्गात पिवळा ‘यलो ऑकर’ आणि लालसर तपकिरी ‘बर्न्ट सिएना’ या दोन वेगळ्या ट्यूब वापरत होते. त्यांचं नातं माझ्या समोर, झाकणात दिसलं तेव्हा मला रात्री झोप लागली नाही.

दुसरं वेड चुंबकाचं. तो कायम माझ्या खिशात असतो, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. पाण्याकाठच्या वाळूत काळ्या रेघा दिसतात ना, त्यावरून फिरवला की काळे कण पिशवीला चिकटून उभे राहतात. मग पिशवी उलटी करायची आणि चुंबक बाहेर काढायचा, म्हणजे कण पिशवीतच राहतात. पिशवी नसेल तर ते चुंबकावरून निघता निघत नाहीत. ही काळी पूड कागदावर काजळीपेक्षा थंड दिसते. जड असल्यामुळे ती कागदाच्या खळग्यांत जाऊन बसते. (रंग ओला असताना कागदाखालून चुंबक फिरवला तर कण सरकतात आणि रेघा उठतात. तो माझा रात्रीचा खेळ.)

झाडांच्या सालींचे आणि रस्त्यावरच्या लोखंडी झाकणांचे पेन्सिल घासून ठसे घेते, त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

आता दिवस. सकाळी लाइफ ड्रॉइंग (समोर बसलेल्या मॉडेलवरून), दुपारी कंपोझिशन (चित्राची रचना), नंतर कलेचा इतिहास, आणि रोजची स्केचेस वेगळी. मातीला उरते ती रात्र आणि सुट्टीचा दिवस. सबमिशन जवळ आलं की बाटल्यांकडे बघायलाही वेळ नसतो आणि मला करमत नाही. मागच्या आठवड्यात सरांना बाटल्या दाखवल्या. त्यांनी एकेक उचलून उजेडात धरून पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि विचारलं, “छान आहे. यात चित्र कुठे आहे?” प्रश्न रास्त आहे. मला उत्तर देता आलं नाही.

तर माझे प्रश्न:

बाभळीचा डिंक पाण्यात भिजवून, गाळून, त्यात मी रंग कालवते. काळ्या मातीचा रंग वाळला की बारीक भेगा पडून पापुद्रे सुटतात. पिवळ्या मातीचा रंग मात्र वाळल्यावर बोट फिरवलं की हाताला लागतो. दोन्हींत डिंक सारखाच, कागद तोच, हातकागद. मग असं का?

आणि हे सगळं चित्रकलेत धरायचं का? की तो वेगळा छंद समजून सुट्टीपुरता ठेवायचा आणि अभ्यासाच्या वेळी अभ्यास करायचा? ज्यांनी असं काही सांभाळलंय त्यांनी सांगा.

---

ढेकूळ:

मी मृदाशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त आहे. चित्रातलं मला कळत नाही, मातीचं सांगतो.

तुमची काळी माती फुगणारी आहे. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पातळ पापुद्र्यांचे असतात आणि त्या पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरतं. पाणी शिरलं की माती फुगते, उडालं की आकसते. उन्हाळ्यात शेताला ज्या कारणाने भेगा पडतात, त्याच कारणाने तुमच्या कागदावर पडतात. डिंक वाढवून हे थांबणार नाही, कारण सुकताना डिंकही आकसतो. त्या मातीत न फुगणारं काहीतरी घाला. बारीक खडूची पूड चालेल, किंवा तुमचीच तापवलेली लाल माती. थरही पातळ द्या. आणखी एक गोष्ट लक्षात आली असेल. काळी माती शेतात काळीभोर दिसते आणि कागदावर करडी उतरते. ओलेपणी माती गडद दिसते आणि वाळली की फिकी पडते. म्हणूनच आम्ही मातीचा रंग नोंदवताना ओली की कोरडी हे नेहमी लिहितो.

पिवळ्याचं लाल होतं ते असं. पिवळेपणा गोएथाइट या लोहखनिजाचा. त्याच्या रचनेतच पाणी असतं. साधारण 250 ते 300 अंश सेल्सिअसला ते पाणी निघून जातं आणि हेमेटाइट उरतं, ते लाल. मातीत मँगनीजही असेल तर रंग तपकिरीकडे झुकतो. तुमच्याकडचा ‘अंबर’ नावाचा तपकिरी रंग तोच.

कुठे पाणी साचून राहणाऱ्या जागी खणलेलं दिसलं तर खालचा निळसर-करडा थर जरूर घ्या. तिथे हवा पोचत नाही, त्यामुळे लोह वेगळ्या अवस्थेत असतं. तो गोळा फोडून उघड्यावर ठेवलात की हवा लागून हळूहळू तपकिरी होत जातो. तुम्हाला असं बघत बसायला आवडतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आणि हे तुमच्या सरांना सांगा. जगभरचे मृदाशास्त्रज्ञ मातीचा रंग ज्या पद्धतीने लिहितात ती एका चित्रकाराने बसवली आहे. अल्बर्ट मन्सेल हे कलेचे शिक्षक होते. रंगाचं वर्णन शब्दांवर न सोडता आकड्यांत करता यावं म्हणून त्यांनी छटा, उजळपणा आणि तीव्रता अशी तीन मापं धरली आणि 1905 मध्ये ती पद्धत छापली. आम्ही शेतात ‘7.5वायआर 5/6’ असं लिहितो, त्यात पहिला भाग छटेचा, 5 उजळपणाचा आणि 6 तीव्रतेचा. रंगांचे नमुने चिकटवलेली वही हातात धरून, ढेकूळ तिच्या भोकांमागे ठेवून जुळवायचं. माझी सगळी नोकरी त्या वहीवर गेली.

---

घोटणी:

ढेकूळ सरांनी भेगांचं सांगितलं, मी हाताला लागण्याचं सांगते. माझं कामच रंग घोटण्याचं आहे.

प्रत्येक रंगाची डिंकाची भूक वेगळी असते. कण जितका बारीक तितका त्याचा एकूण पृष्ठभाग जास्त आणि तितका डिंक जास्त लागतो. तुझी पिवळी माती निथळून अगदी बारीक झालेली आहे, तिला डिंक पुरत नाहीये. त्यात हातकागद. त्याला खळ नीट दिलेली नसेल तर कागद डिंक आत ओढून घेतो आणि वर नुसती पूड राहते. दोन पट्ट्या करून बघ. एक याच कागदावर, दुसरी खळ दिलेल्या जलरंगाच्या कागदावर, रंग तोच. दुसरी हाताला लागली नाही तर दोष कागदाचा.

माझं माप सांगते. एक भाग डिंक, दोन भाग गरम पाणी, रात्रभर भिजवून गाळायचं. त्यात थोडा मध, म्हणजे वाळलेली वडी ओल्या कुंचल्याने पुन्हा सुटते आणि तडकत नाही. बुरशी येऊ नये म्हणून लवंगेच्या तेलाचा थेंब. मग काचेवर पूड आणि हे पाणी सुरुवातीला समसमान घ्यायचं, सपाट तळाच्या काचेच्या घोट्याने घोटायचं, आणि प्रत्येक वेळी कागदावर पट्टी ओढून वाळू द्यायची. बोटाला लागला तर डिंक वाढव. चकाकायला लागला नि तडकला तर कमी कर. प्रत्येक मातीचं माप बाटलीवर लिहून ठेव, दुसऱ्याच्या मातीचं माप तुझ्या मातीला लागू पडणार नाही.

खलात घोटणं अर्धंच काम आहे. खलात ढेपा फुटतात. प्रत्येक कण डिंकाने भिजतो तो काचेवर, घोट्याखाली. घासण्याचा आवाज सुरुवातीला खरखरीत येतो आणि मग मऊ होत जातो. तो बदल ऐकू आला की थांबायचं.

आता काळजीचं. कोरडी माती वस्त्रगाळ करताना जी धूळ उडते तिच्यात सिलिका असते. ती फुप्फुसात जाऊन बसते आणि बाहेर येत नाही. नीट बसणारा मास्क लाव, तोही धुळीसाठीचा, नुसता रुमाल नको. त्याहून चांगलं म्हणजे कोरडं चाळूच नकोस. ओला गाळच बारीक जाळीतून काढ. माती घरात तापवत असशील तर खिडक्या उघड्या ठेव, मातीतला पालापाचोळा जळतो त्याचा धूर होतो. आणि लोखंडी झाकणांवर हात आहेच तुझा, तर उद्या गंज खरवडायची इच्छा होईल. गंज उत्तम रंग देतो, पण जुना रंग मारलेल्या लोखंडाचा घेऊ नकोस. जुन्या रंगांत शिसं असू शकतं.

एका बाबतीत मात्र निश्चिंत राहा. फुलापानांचे रंग उन्हात उडतात, हळदीचा तर फार लवकर. मातीचे उडत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बॉस गुहेत शिंपल्यांत कालवून ठेवलेला लाल मातीचा रंग सापडला. त्याचं वय सुमारे 1,00,000 वर्षं आहे आणि तो अजून लाल आहे. शेजारी घोटायचे दगडही मिळाले. म्हणजे तू जे रात्री करतेस ते काम माणूस तेव्हापासून करतोय.

---

पाचवी_खिडकी:

मी शिकून बाहेर पडलो त्याला बरीच वर्षं झाली. चित्रं काढतो आणि शिकवतोही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो.

तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. सरांनी “चित्र कुठे आहे” विचारलं आणि तुम्हाला उत्तर देता आलं नाही, असं तुम्ही म्हणता. उत्तर तुम्ही लिहिलंय, फक्त कंसात टाकून पुढे गेलात. कागदाखालून चुंबक फिरवला की ओल्या रंगातले कण सरकतात आणि रेघा उठतात. तिथे आहे चित्र! तिथे तुम्ही पदार्थाला काहीतरी करू देता आणि त्याच वेळी हातही तुमचा असतो. तो खेळ रात्री उशिरा उरलेल्या वेळात का होतोय? तो दुपारी कंपोझिशनच्या तासाला व्हायला हवा.

बाटल्या हा साठा आहे. साठा मोलाचा असतो, पण तो तसाच मांडला तर बघणारा लेबलं वाचतो आणि पुढे जातो. अर्थात साठ्याचंच चित्र करणारेही आहेत. हर्मन द व्रीस या डच कलाकाराने जगभरातल्या मातीचे हजारो नमुने जमवले. तो चिमूटभर माती बोटाने कागदावर घासतो, अशा पट्ट्यांच्या रांगाच्या रांगा लावतो, आणि त्या रांगांतून जमीन किती रंगांची आहे ते दिसतं. त्याचं शिक्षण बागायतीचं होतं, चित्रकलेचं नव्हे. 2015 मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे तिथल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, नेदरलँड्सचं दालन त्याचं होतं. दुसरा वोल्फगांग लाइब हा जर्मन कलाकार. शिकला वैद्यक, आणि करतो काय, तर वसंतात कुरणांत आणि रानात हिंडून फुलांचे परागकण स्वतः हाताने गोळा करतो. तेही बाटल्यांत भरून ठेवतो. मग ते जमिनीवर चाळून पिवळ्या रंगाचा एक चौकोन करतो. 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याने हेझल या झाडाच्या परागाचा असा भला मोठा चौकोन केला होता. या दोघांनीही आपलं वेड सुट्टीपुरतं ठेवलं नाही. पण दोघांनी एकेकच कृती निवडली, घासणं किंवा चाळणं, आणि ती वर्षानुवर्षं केली. मला वाटतं तुमच्या बाबतीत निवडायचं आहे ते एवढंच.

वेळेबद्दल: लाइफ ड्रॉइंग सोडू नका. त्याच तासाला तुमच्याच मातीने काढा. मॉडेलच्या सावल्या काळ्या मातीत, उजेड कोऱ्या कागदात. माती आणि अभ्यास असे दोन रकाने तुम्ही पाडलेत म्हणून वेळ अपुरा पडतोय. माझ्या विद्यार्थ्यांत एक मुलगा रोज कीटक काढायचा, अभ्यासापासून लपवून. अ‍ॅनाटॉमीच्या वहीत माणसाच्या सांध्याशेजारी टोळाचा सांधा काढायला लागला तेव्हा दोन्ही चित्रं सुधारली.

सरांना पुढच्या वेळी बाटल्या नेऊ नका. चुंबक न्या आणि त्यांच्यासमोर करून दाखवा.

---

कागदी_पिशवी:

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. मी सगळं वहीत उतरवून घेतलंय.

घोटणीताई, दोन पट्ट्या करून पाहिल्या. खळ दिलेल्या कागदावर रंग पक्का बसला, बोटाला जेमतेम लागतो. म्हणजे दोष बराचसा कागदाचा, थोडा डिंकाचा. मास्क आणलाय, आणि आता ओल्या गाळावरच काम करते. आवाजाचं तुम्ही लिहिलंत ते अगदी तसंच ऐकू येतं. सपाट तळाचा घोटा अजून मिळालेला नाही, जाड काचेचा पेपरवेट वापरतेय.

ढेकूळ सर, काळ्या मातीत खडू घातला तर भेगा थांबल्या पण रंग फारच फिका झाला. मग तुम्ही म्हणालात तशी तापवलेली लाल माती घातली. त्याने एक तपकिरी आलाय, तो मला कुठल्याच ट्यूबमध्ये सापडलेला नाही. निळसर थराच्या शोधात आहे.

पाचवी_खिडकी, तुमचं उत्तर वाचून मी बराच वेळ नुसती बसले. तो कंस मी खरंच विचार न करता टाकला होता. काल कंपोझिशनच्या तासाला पूर्ण आकाराच्या कागदावर काळ्या कणांचा ओला वॉश (पाणीदार रंगाचा थर) दिला आणि खालून चुंबक नेला. सर मागे येऊन उभे राहिले ते कागद वाळेपर्यंत हलले नाहीत. मग एवढंच म्हणाले की रेघ कुठे थांबवायची ते तू ठरव, चुंबकाला ठरवू देऊ नकोस. आता तेच शिकतेय. वॉश पातळ असला तर कण पळतात, घट्ट असला तर जागचे हलत नाहीत, मधली अवस्था फार थोडा वेळ टिकते. त्या वेळात हात चालला पाहिजे.

सबमिशनसाठी ठरवलंय ते असं. टेकडीच्या एकाच कापावरचे सगळे थर घ्यायचे, त्याच क्रमाने मोठ्या कागदांवर आडवे पट्टे द्यायचे, आणि प्रत्येक पट्ट्यात त्याच थरातून चुंबकाने निघालेले कण सोडून त्यांना ओल्यातच वळवायचं. काही थरांत कण जवळजवळ नाहीतच. ते पट्टे शांत राहतील, आणि मला ते तसेच हवेत.

ढेकूळ सर, एक शंका आहे. माझी काळी पूड तापवली तर तीही लाल होईल का? आणि मग ती चुंबकाला दाद देईल का?

---

ढेकूळ:

होईल. तुमची काळी पूड बहुतेक मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं काळं लोहखनिज, आहे. उघड्या हवेत चांगलं तापवलं की तेही शेवटी हेमेटाइटच होतं, आणि हेमेटाइट तुमच्या खिशातल्या चुंबकाला दाद देत नाही. पण याला पिवळ्या मातीपेक्षा खूप जास्त आच लागते, तुमच्या झाकणात ते होणार नाही. कॉलेजात मातीकामाची भट्टी असेल तर तिथे द्या. अर्धवट तापलेली पूड तपकिरी होते आणि तेव्हा ती चुंबकाला अजून चिकटते. त्या तपकिरीचाही तुम्हाला उपयोग होईल.

थर घेताना मोजपट्टी कड्याला लावून वरपासून प्रत्येक थर किती खोलीवर सुरू होतो आणि कुठे संपतो ते लिहा, म्हणजे कागदावरचे पट्टे त्याच प्रमाणात देता येतील. कडा आधी खुरप्याने थोडी तासून घ्या. वरची माती ओघळून खालच्या थरांवर बसलेली असते, ती काढली नाही तर सगळे थर एकाच रंगाचे वाटतात. नमुने खालून वर घेत जा, म्हणजे वरची माती खालच्या पिशवीत पडत नाही. आणि पावसानंतर लगेच कड्याखाली उभ्या राहू नका, दोन-चार दिवस ऊन पडू द्या.